स्कोप मागे सरकतो, आणि दादा चतुर्थीला येतोय

डिचोली तालुक्यातल्या एका २७ वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. २०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हापासून त्यांना नेमबाजीची ओढ लागली. त्यांनी .१७७ बोअरची, नळी मोडून छरा भरायची स्प्रिंगची एअर रायफल घेतली. घरामागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, २५ मीटरवर कागद लावून दर रविवारी सराव सुरू केला. पुण्यात नोकरीला असलेल्या थोरल्या भावाने पहिल्या बोनसमधून त्यांना ३-९×४० चा, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा आणि ४० मिमी भिंगाचा, एक इंची ट्यूबचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) भेट दिला. स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगा त्यांनी स्वतः म्हापशाला जाऊन घेतल्या. रिंगा जिच्यावर बसतात ती रायफलच्या पाठीवरची रेल अरुंद आणि रिंगांची पकड रुंद, म्हणून दुकानदाराने मधे बसवायला एक अडॅप्टर पट्टी दिली.

तिथून त्रास सुरू झाला. ४०-५० छरे मारले की पट्टीसकट स्कोप मागे सरकतो. स्क्रू आवळून आवळून ट्यूबवर रिंगांचे वळ उठले आहेत. कागदावरचे छरे तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. एक मित्र म्हणतो ३० मिमीच्या महागड्या रिंगा घे. दुसरा म्हणतो दोन नळ्यांचा गोंद लावून चिकटवून टाक. बाबा म्हणतात, माडावरची माकडं हाकलायला हे नळकांडं हवंच कशाला? भाऊ चतुर्थीला घरी येणार आहे, आणि वळ दिसू नयेत म्हणून स्कोप सध्या कपाटात कपड्यांखाली आहे. ते विचारतात: "कुठल्या रिंगा घेऊ? किती पैसे घालू? पुढे स्पर्धेत उतरायचं आहे, त्याला हाच स्कोप चालेल ना? आणि दादाला काय सांगू?"

प्रिय वाचक,

तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की यातला बराचसा दोष तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतला आहे. "मी स्वस्तात घेतलं म्हणून असं झालं," असं तुम्ही दोनदा लिहिलं आहे. मला ते पटत नाही. स्वस्त रिंगाही नीट बसल्या तर वर्षानुवर्षं टिकतात आणि महाग रिंगा चुकीच्या रायफलवर चढवल्या तर पहिल्याच रविवारी सरकतात. तुमच्याकडे जे घडलं ते किमतीमुळे नाही, मापामुळे आणि धक्क्याच्या दिशेमुळे घडलं. हे दोन्ही दुकानात तुम्हाला कुणी समजावून सांगायला हवं होतं.

आधी धक्क्याचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. लोक समजतात की एअर रायफलला धक्का नसतो, म्हणून तिला कुठलीही रिंग चालेल. स्प्रिंगच्या रायफलबाबत हे अगदी उलट आहे. चाप ओढला की आतला दट्ट्या जोरात पुढे झेपावतो, त्यामुळे रायफल आधी थोडी मागे येते. लगेच तो दट्ट्या नळकांड्याच्या टोकाशी, दाबल्या गेलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि रायफल पुढे हिसडते. हा दुसरा हिसका फार तीव्र असतो. रायफल पुढे जाते, पण स्कोप जडपणामुळे जागीच राहू पाहतो. म्हणजे रायफलच्या हिशेबाने तो मागे सरकतो. तुमचा स्कोप मागेच का जातो, पुढे का नाही, याचं उत्तर एवढंच आहे. दारूगोळ्याच्या रायफलीत धक्का एकाच दिशेने, मागे येतो, त्यामुळे तिथे स्कोप पुढे सरकायला बघतो. त्या रायफलींसाठी बनवलेले कितीतरी दणकट स्कोप स्प्रिंगच्या रायफलवर काही महिन्यांत निकामी होतात, कारण त्यांच्या आतली भिंगं एकाच दिशेचा मार सोसायच्या हिशेबाने बसवलेली असतात. म्हणून दादाने दिलेल्या स्कोपच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात तो स्प्रिंग एअर रायफलला चालतो असं लिहिलं आहे का, हे आज संध्याकाळीच बघा. लिहिलेलं नसेल तर कुठलीही रिंग त्याला वाचवू शकणार नाही, आणि मग नव्या रिंगांवर पैसे घालण्याआधी थांबायला हवं.

आता तुमची अडॅप्टर पट्टी. तुमच्या रायफलवर जे दोन समांतर चर आहेत त्याला डव्हटेल म्हणतात. एअर रायफलवर ते बहुधा ११ मिमीचं असतं. तुम्ही घेतलेल्या रिंगा वीव्हर किंवा पिकॅटिनी रेलच्या आहेत, तिची रुंदी साधारण २१ मिमी. म्हणजे दुकानदाराने एका रेलवर दुसरी रेल बसवली आणि तिच्यावर रिंगा. जिथे एक सांधा हवा होता तिथे दोन झाले. त्यातला खालचा सांधा फक्त घर्षणावर उभा आहे, आणि सरकतो आहे तोच. तुम्ही मात्र आवळत राहिलात वरचे स्क्रू, जे ट्यूब धरतात. बिचाऱ्या ट्यूबचा यात काही संबंध नव्हता, वळ मात्र तिच्यावर उठले.

पट्टीने दुसरंही एक नुकसान केलं आहे, ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. तिने स्कोप उंच केला. तुम्ही लिहिता की नेम धरताना "मान थोडी वर ताणावी लागते, हनुवटी लाकडाला टेकते, गाल टेकत नाही." छरे विखुरण्याचं निम्मं कारण मला या वाक्यात दिसतं. गाल लाकडावर टेकला की डोळा दर वेळी एकाच जागी येतो. हनुवटीवर तोललेलं डोकं दर वेळी थोडं वेगळ्या जागी असतं. डोळा भिंगाच्या मधल्या रेषेतून हलला की आतली फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. समोरच्या भिंगाजवळ अंतर जुळवायची फिरती कडी असेल, तर ती २५ मीटरवर आणून हा दोष जवळजवळ घालवता येतो. ती नसेल आणि स्कोप कारखान्यातूनच १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेला असेल, तर ४० मिमीच्या भिंगातून बघताना डोळा अगदी कडेला गेल्यास २५ मीटरवर नेम जवळपास दीड सेंटिमीटर चुकू शकतो. डोळा एकदा या कडेला आणि एकदा त्या कडेला गेला, तर विखुरणं तीन सेंटिमीटरच्या घरात जातं, आणि तेव्हा रायफल, छरा, रिंग, कशाचाच काही दोष नसतो.

तरीही, काहीही विकत घेण्याआधी एक रविवार स्कोपशिवाय घालवा. हा भाग लोक नेहमी गाळतात. स्प्रिंगच्या रायफलीत लाकडाला नळकांडं धरून ठेवणारे स्क्रू हिसक्यांनी सैल होतात, आणि ते सैल असले की जगातला उत्तमोत्तम स्कोपही भटकतो. ते तपासा, घट्ट करा. मग १५ मीटरवर, रायफलच्या मूळच्या माशी आणि खाचेतून, सावकाश दहा छरे मारा. रायफल मुठीत करकचून धरू नका. पुढचा हात फक्त खाली आधाराला ठेवा, ती त्यावर मोकळी हलू द्या. स्प्रिंगच्या रायफलीला असं सैल धरलेलंच मानवतं. छरे बऱ्यापैकी एकत्र आले तर दोष स्कोप-रिंगांच्या बाजूला आहे. तसेच विखुरले तर आधी रायफल आणि हात यांच्याकडे बघायचं, रिंगांचा विचार नंतर.

समजा रायफल निर्दोष निघाली. मग मोजमाप. डिचोलीला तुमच्या ओळखीत कुणी लेथवर काम करणारा असेल, किंवा खाणीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेला जुना फिटर असेल, तर त्याच्याकडून व्हर्निअर कॅलिपर तासभर मागून आणा. मला हे काम अशाच एका फिटरने शिकवलं. माझ्या पहिल्या स्कोपवर मी लांब ॲलन कीने रिंग इतकी आवळली होती की मॅग्निफिकेशनची कडीच फिरेनाशी झाली. मी रिंगवाल्याला दोष देत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ना रिंग बघितली ना स्कोप, आधी व्हर्निअर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आदीं मेज, मागीर उलय." म्हणजे आधी मोज, मग बोल. त्या दिवसापासून मी रिंगांच्या बाबतीत मोजल्याशिवाय कुणाला सल्ला दिलेला नाही.

तुम्हाला चार मापं लागतील. पहिलं, ट्यूबची जाडी. तुमची एक इंच, म्हणजे २५.४ मिमी. मित्राने सुचवलेल्या ३० मिमीच्या रिंगा तुमच्या स्कोपला बसणारच नाहीत. त्या ३० मिमी ट्यूबच्या स्कोपसाठी असतात, जास्त मजबुतीसाठी नव्हे. आत कागद किंवा पत्रा घालून त्या बसवायचा विचारही करू नका. दुसरं, डव्हटेलची रुंदी, चराच्या एका वरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ११ मिमी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेली प्रत्यक्षात थोड्या कमी-जास्त असतात आणि .२२ च्या काही रायफलींवर तर ९.५ मिमीच्या असतात. रिंगेचा जबडा चराच्या आत पूर्ण बसला पाहिजे, नुसता कडेला चावता कामा नये.

तिसरं माप उंचीचं, आणि फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. खोक्यावर "लो", "मीडियम", "हाय" लिहिलेलं असतं, पण या शब्दांना कुठलंही ठरलेलं माप नाही. एकाची मीडियम ती दुसऱ्याची हाय. त्यातही काही उत्पादक उंची रेलपासून ट्यूबच्या मध्यापर्यंत मोजतात, काही ट्यूबच्या खालच्या कडेपर्यंत. एक इंची ट्यूबमध्ये या दोन आकड्यांत १२.७ मिमीचा फरक पडतो! म्हणून विकणाऱ्याला नाव विचारू नका, "रेलपासून रिंगच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर?" असं विचारा. तुम्हाला किती हवं ते असं काढायचं: स्कोपच्या पुढच्या फुगीर भागाचा बाहेरून व्यास मोजा. भिंग ४० चं असलं तरी बाहेरून तो ४६-४७ मिमी भरतो. ४७ धरला तर निम्मा २३.५. त्यात खाली मोकळी जागा राहावी म्हणून ३ मिमी मिळवा, झाले २६.५. मग रेलवर पट्टी आडवी ठेवून ती पुढे सरकवा आणि जिथे स्कोपचा फुगीर भाग येणार तिथे पट्टी आणि खालचं लोखंड यांच्यात किती फट राहते ते मोजा. ती वजा करा. ती २ मिमी असेल तर तुम्हाला २४.५ मिमी किंवा त्याच्या किंचित वरची रिंग हवी. यापेक्षा उंच घेण्याचं तुमच्या रायफलवर काही कारण दिसत नाही. नळी मोडून छरा भरायचा असल्याने स्कोपखाली हात घालायची गरज पडत नाही. खालच्या दांड्याने स्प्रिंग ताणायच्या आणि वरून छरा भरायच्या रायफली ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी मात्र बोटांना जागा ठेवावी. हवेच्या टाकीच्या पीसीपी रायफलीवर मॅगझिन रेलच्या वर डोकावतं, तिथे त्याची उंची आधी बघावी. पीसीपीला हिसका नगण्य असतो, त्यामुळे तिथे रिंगेच्या पकडीची काळजी फारशी नाही, उंचीचीच आहे.

चौथं माप म्हणजे स्टॉप-पिनची जागा. रेलच्या मागच्या भागात वर एखादं बारीक भोक आहे का, किंवा एक छोटी आडवी पट्टी स्क्रूने बसवलेली आहे का, ते बघा. हे तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ उत्तर आहे. स्प्रिंगच्या रायफलीसाठी बनवलेल्या माउंटच्या तळाला एक पिन असते, ती या भोकात उतरते. मग स्कोपला मागे जायला वाटच राहत नाही. घर्षणाच्या जागी लोखंडाला लोखंड अडतं. पिन भोकात अलगद उतरवायची, इतकी खाली पिळायची नाही की माउंटच रेलवरून उचललं जाईल. भोक नसेल तर मागच्या रिंगेच्या पाठीमागे, तिला चिकटवून, वेगळा स्टॉप-ब्लॉक लावता येतो.

तर तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: अडॅप्टर काढून टाका, आणि थेट ११ मिमीच्या डव्हटेलवर बसणारं, एक इंची, मोजलेल्या उंचीचं, स्टॉप-पिन असलेलं एकसंध माउंट घ्या, ज्यात दोन्ही रिंगा एकाच तळावर असतात आणि रिंगेच्या प्रत्येक टोपीला, म्हणजे वरच्या अर्ध्या भागाला, चार स्क्रू असतात. एकसंध तळ रेलला जास्त लांबीवर धरतो आणि दोन्ही रिंगा आपोआप एका रेषेत येतात. दोन सुट्या रिंगांचा फायदा एवढाच की त्या पुढे-मागे हव्या तिथे सरकवता येतात. तुमच्या स्कोपच्या नेम जुळवायच्या नॉबच्या दोन्ही बाजूंना ट्यूब पुरेशी लांब असेल तर ती गरज पडणार नाही. माउंट घेण्याआधी दोन्ही रिंगांमधलं अंतर मात्र ट्यूबशी ताडून बघा, म्हणजे रिंग नॉबच्या ठोकळ्याला किंवा फुगीर भागाच्या उताराला भिडणार नाही.

पैशांचा प्रश्न तुम्ही विचारला आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, नीट यंत्रावर कातलेलं साधं माउंट तुम्हाला पुरे आहे. ७०७५ चा मिश्रधातू ६०६१ पेक्षा मजबूत असतो हे खरं, पण तुमच्या रायफलवर दोन्ही टिकतील. पोलादी रिंगा मी आपल्याकडे सुचवत नाही. वजन वाढतं, आणि गोव्याच्या दमट हवेत त्यांची निगा राखणं हे वेगळंच काम होऊन बसतं. वाचलेल्या पैशांतून छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर, म्हणजे ठरलेल्या जोराइतकाच स्क्रू आवळणारा, घ्या. तो तुमच्या स्कोपला महागड्या रिंगांपेक्षा जास्त जपेल.

एक शक्यता अशी आहे की नवं माउंट नीट बसूनही छरे खूप खाली लागतील आणि उंचीचा नॉब वर फिरवत फिरवत शेवटाला जाईल. नळी मोडायच्या कितीतरी रायफलींची नळी जन्मतःच किंचित खाली झुकलेली असते. नॉब शेवटापर्यंत फिरवला की आतली स्प्रिंग ढिली पडते आणि फुली प्रत्येक हिसक्याला जागा बदलते. लोक मग पुन्हा रिंगांना दोष देतात. एक मिनिट कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, २५ मीटरवर सुमारे ७.३ मिमी, आणि नॉबचा पाव मिनिटाचा एक क्लिक म्हणजे जेमतेम १.८ मिमी. त्यामुळे छरे दहा सेंटिमीटर खाली असतील तर पंचावन्न क्लिक निव्वळ झुकाव भरून काढण्यात जातात. असं झालं तर मागच्या रिंगेखाली पत्र्याचे तुकडे सरकवू नका, त्याने ट्यूब वाकते. झुकाव भरून काढण्यासाठी मागून उंच असलेली माउंट मिळतात. बरिस कंपनीच्या सिग्नेचर रिंगांमध्ये आत प्लास्टिकचे फिरते अस्तर असतात, ते वेगवेगळ्या जाडीचे घालून ट्यूबवर ताण न देता कोन बदलता येतो, शिवाय ट्यूबवर वळही उठत नाहीत. मात्र रिंग तुमच्या रेलला बसणारी हवी.

ज्या वाचकांकडे परवान्याची .२२ किंवा मोठी रायफल आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: वीव्हर आणि पिकॅटिनी या रेली दिसायला जुळ्या असल्या तरी पिकॅटिनीची आडवी खाच ५.२३ मिमी रुंद आणि वीव्हरची ४.५७ मिमी. वीव्हरच्या रिंगा बहुधा पिकॅटिनीवर बसतात, उलट बहुधा बसत नाहीत. आवळण्याआधी रिंग खाचेत पुढच्या भिंतीला रेटून धरा, कारण तिथे स्कोप पुढे पळू पाहतो. गोळी भरायचा बोल्ट पूर्ण मागे ओढून आणि वर उचलून तो स्कोपला लागत नाही ना, तेही बघा.

गोंदाचं म्हणाल तर मित्राला प्रेमाने नाही म्हणा. चिकटवलेला स्कोप पुन्हा सुटत नाही, आणि काढताना रेल आणि ट्यूब दोन्ही जातात. ट्यूब रिंगेत फिरत किंवा सरकत असेल तर आधी दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून तेल घालवा. तेवढ्याने भागलं नाही तर रिंगेच्या आत राळेची अगदी बारीक भुकटी चोळा. व्हायोलिनच्या बोला लावतात तीच राळ. रिंगेत चिकटपट्टी लावायचा जुना सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. आपल्या मे महिन्यात तिचा डिंक वितळून ट्यूबवर पसरतो, म्हणून मी तो देत नाही.

बाबांच्या माकडांबद्दल मला आडपडदा न ठेवता सांगायचं आहे. माडांचं नुकसान खरं आहे आणि बागायतदाराचा संताप मला समजतो. पण २० ज्यूलपर्यंतच्या, .१७७ च्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, याचा अर्थ ती प्राण्यांवर चालवायची मुभा आहे असा होत नाही. माकडांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हा छरा माकडाला मारत नाही, त्याच्या अंगात अडकून बसतो, आणि ते आठवडेच्या आठवडे कुजत फिरतं. बाबांना हे तुम्हीच सांगा. नुकसानीसाठी वन खात्याकडे आणि कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी अर्ज करण्यात त्यांना मदत करा. लक्ष्याच्या मागे तुम्ही चिऱ्याची भिंत आहे असं लिहिलं आहे. चिऱ्यावरून छरा उलटा उडू शकतो. तिच्यापुढे लाकडी खोका ठेवा, त्यात चिकणमाती भरा, छरे तिच्यात रुतून बसतील.

स्पर्धेबद्दल तुमचा एक गैरसमज आहे, तो आत्ताच दूर झालेला बरा. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण लावायला परवानगीच नाही. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक घेतलं ते डोळ्यासमोरच्या बारीक भोकाच्या साइटमधून, आणि कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळे यांचं २०२४ च्या पॅरिसमधलं ५० मीटर रायफलचं कांस्यही तसंच. त्या रायफलीही वेगळ्या, दाबलेल्या हवेच्या किंवा .२२ च्या. तो रस्ता खरंच धरायचा असेल तर आणखी काही विकत घेण्याआधी एखाद्या क्लबात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबची रायफल काही महिने चालवा. तुमचा स्कोप वाया गेला असं मात्र समजू नका. भाटातल्या रविवारच्या सरावाला तो उत्तम आहे. चाप हळू ओढणं आणि श्वास रोखणं तिथेही शिकता येतं.

वळांबद्दल. नखाने ट्यूबवरून हळूच घासून बघा. नख अडखळत नसेल तर तो नुसता रंगाचा ओरखडा आहे, त्याने काही बिघडत नाही. खोलगट लागत असेल, तर मॅग्निफिकेशनची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, नॉब दोन्ही दिशांना फिरवा. सगळं मोकळं फिरलं आणि फुली नॉबबरोबर सरळ हलली तर स्कोप जिवंत आहे. कपाटातून मात्र तो आजच काढा. पावसाळ्यात कपड्यांखाली आणि फोमच्या पेटीत ओल धरते, स्क्रूंना गंज चढतो आणि भिंगांवर बुरशीची जाळी पसरते. ती भिंगांवरून जात नाही. उघड्या, हवेशीर फडताळात ठेवा, शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवा.

आणि दादा. तुम्ही लिहिलंय, "त्याला वाटेल मी त्याच्या भेटीची किंमत ठेवली नाही." मला तुमच्या पत्रातून उलटं दिसतं. ज्याने ती भेट सांभाळायची इतकी खटपट केली, त्यानेच ती आवळली. लपवून ठेवलेला स्कोप दादाला कपाटात सापडला, तर त्याला वळांपेक्षा लपवण्याचं वाईट वाटेल. तो येण्याची वाट न बघता आधीच फोन करा. सांगा, "अडॅप्टरमुळे सरकत होता, मी चुकीचे स्क्रू आवळले, नवं माउंट मागवलंय, बसवायला तू हवास."

कारण तो खरंच हवा आहे. हे काम एकट्याने नीट होत नाही. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधून झाली, पाहुणे जेवून पडले, पावसाने तासभर उघडीप दिली की रायफल घेऊन दोघं मागच्या पडवीत बसा. छरा भरलेला नाही हे दोघांनीही डोळ्यांनी बघा. माउंट रेलवर बसवा, पिन भोकात उतरवा, तळाचे स्क्रू आवळा. वरच्या टोप्या नुसत्या टेकवा, स्कोप सरकेल इतक्या सैल. मॅग्निफिकेशन ९ वर ठेवा. तुम्ही डोळे मिटून, नेहमी बसता तसे बसून रायफल खांद्याला लावा, गाल लाकडावर टेकवा, मग डोळे उघडा. कडेला काळी सावली दिसली तर दादा स्कोप केसभर पुढे-मागे करेल. तुम्ही मान हलवायची नाही. सावली गेली की थांबा. समोर आंब्याच्या फांदीला दादाकडून गवंड्याचा ओळंबा टांगून घ्या. रायफल कुठल्याही बाजूला कललेली नाही हे तो बघेल, आणि तुम्ही आतली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवा. मग टोप्यांचे स्क्रू, एकदा या कोपऱ्यातला, एकदा समोरच्या कोपऱ्यातला, पाव-पाव फेरा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. माउंटच्या कागदावर आकडा दिला असेल तर तोच धरा. नसेल तर टोप्यांना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क स्क्रूड्रायव्हर अजून आला नसेल तर ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घालून आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा, म्हणजे जोर आपोआप कमी लागेल. शेवटी वहिनीकडून नेलपॉलिश मागून रिंग आणि ट्यूब यांच्यावर मिळून एक बारीक रेघ ओढा, दुसरी माउंट आणि रेल यांच्यावर. पन्नास छऱ्यांनंतर या रेघा तुटल्या का ते बघा, आणि कुठली तुटली ते मला कळवा.

तुमचा सदरलेखक